बारदान वजा

मार्केट यार्डात, तिसऱ्या गल्लीत, पेढीच्या माळ्यावर
आमची दोन टेबलं, एक पंखा, आणि खिडकीतून येणारी पिवळी धूळ.
कीबोर्डच्या फटीत शिरते ती,
मग प्रत्येक अर्धविरामाला हळदीचा वास.
खाली सौदे चालू. वर मी
कंपायलरला एक नवी खोड लावत बसलेय.

तो तसा काटेकोर.
कंस उघडा राहिला तर पुढं सरकत नाही,
अंकाच्या जागी अक्षर दिलं तर दारातूनच परत पाठवतो.
पण अंकाला अंक मिळाला की झालं त्याचं समाधान.
भरल्या पोत्याचं वजन काय, आतल्या हळदीचं काय,
त्याला दोन्ही सारखीच:
दशांश चिन्हापुढं दोन घरं.

गेल्या गुरुवारी सोनीच्या आक्काताई नरदे
एकोणचाळीस पोती घालून गेल्या.
पोत्यामागं किलोभर बारदान आधीच वजा झालेलं,
तेच निव्वळ वजन पट्टीच्या फंक्शनमध्ये गेलं
आणि त्यानं इमानानं पुन्हा वजा केलं.
पाच हजार पाचशे अडतीस रुपये.
आक्काताईंनी पट्टीच्या पाठीवर पेनानं हिशोब मांडला
आणि काट्याजवळ नेऊन दाखवला.
कोष्टी तोलाईदारांनी जिन्याखालून हाक दिली,
"ताई, बारदान किती वेळा काढलंत?"

शेठ म्हणाले, असं पुन्हा होऊ नये, संध्याकाळपर्यंत बघा.
पी हळद अन् हो गोरी.

तर असं असतं:
प्रोग्रामचं आधी एक झाड होतं.
मूळ वर, फांद्या खाली, टोकाला एकेक नाव, एकेक अंक.
मला त्या झाडावरून उतरायचं असतं,
जिथं पट्टी निघते त्या पेऱ्याशी थांबायचं
आणि आत चाललेल्या वजनाला विचारायचं:
तू जन्मलास कुठं? वाटेत कुणी काही काढून घेतलं का?
विचारायचं फक्त. हात लावायचा नाही.

दुपारी तीन चाचण्या हिरव्या झाल्या.
अर्ध्या हळकुंडात पिवळी झाले मी,
चहा सांगितला,
आणि सगळ्या कोडवर सोडलं.

दोनशे बारा इशारे.

इरफान मुजावर समोरच्या टेबलावरून उठून आला.
"बेदाण्याचं खोकं वेगळं, आतली पिशवी वेगळी.
तिथं दोनदाच काढायला लागतं.
तुझं हे पोरगं माझ्या प्रत्येक ओळीवर का बोंबलतंय?"
खरं होतं त्याचं.
उठता बसता ओरडणाऱ्याकडं कोण बघतं?
चौथ्या दिवशी लोक त्याच्यासकट पडदा सरकवतात.

मग बेदाणा शिकवला त्याला. पेटी शिकवली, पिशवी शिकवली.
गप्प बस म्हणायची मुभा ठेवली,
पण कारण लिहिल्याशिवाय नाही.
फाईलमध्ये जाऊन परत आलेलं वजन
अजून ओळखत नाही तो. ते राहिलंय.

शेवटी मजकूर.
आधी लिहिलं होतं: "निव्वळ मूल्याचे अवैध पुनर्व्यवकलन."
वाचून मलाच तहसीलात उभी असल्यासारखं वाटलं.
खोडलं.
कोष्टींचं वाक्य जसंच्या तसं घातलं, "ताई" तेवढं काढून.
मग तेही परत घातलं.

साडेसातला काटे झाकले. इरफान मिरजेच्या गाडीला गेला.
पुन्हा चालवलं.
दोनशे बारातले सात उरले.
सहा जुने, ज्यांनी लिहिले ते पुण्याला गेलेले.
सातवी ओळ
चार वर्षांपूर्वीची, रात्री दोन वाजून दहा मिनिटांची,
शेजारी शेरा: "तात्पुरतं".
आणि नाव माझं.

पंखा फिरत होता. स्क्रीनवर पिवळ्या अक्षरात:
ताई, बारदान किती वेळा काढलंत?

दोनदा, म्हणाले मी,
माळ्यावर कुणी नसताना, मोठ्यानं.